दवाखान्याची वाट आणि वाटाड्या

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी एकत्र बसून ऐकण्याची सवय महाराष्ट्रातील गावोगावच्या लोकांना लागली. अशा व्यासपीठावरून इतिहास सांगण्याचा अधिकार पंडितांचा. आम्ही पंडित नव्हे. गिरणगावातल्या चाळीत वाढलो, आठवीत शाळा सुटली, आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तरीही आज एक इतिहास सांगण्याचे धाडस आम्ही करीत आहो, कारण त्या इतिहासाच्या अज्ञानाची किंमत आमच्या माणसांनी दिली आहे.

आधी आमची चूक सांगतो. सुमारे पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात आमची युनियन होती. तेथील एक फिटर, हाताने अत्यंत कुशल, वारंवार गैरहजर राहू लागला. व्यवस्थापनाने आरोपपत्र दिले, खातेनिहाय चौकशी झाली, त्यास कामावरून कमी केले. आम्ही खटला लढवला. त्या काळात त्याची पत्नी एकदा कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, कोर्टाचं तुम्ही बघालच. पण यांची दारू सुटावी म्हणून यांना कुठं न्यायचं, ते सांगा." आम्ही उत्तर दिले, "वहिनी, आधी नोकरी वाचवू, मग ते बघू." नोकरी वाचली. मागील पगारासह त्यास कामावर घेण्याचा हुकूम झाला, गेटवर गुलाल उधळला. परंतु रुजू व्हायला आला तेव्हा त्याचे पोट फुगलेले होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. चार महिन्यांत तो गेला. आम्ही खटला जिंकला आणि माणूस गमावला.

पुढे अनेक वर्षांनी आम्हांला कळले की, ज्या दिवशी ती बाई आमच्यासमोर बसली होती, त्या काळात आमच्या कचेरीच्या मागल्या गल्लीतील शाळेच्या एका वर्गात दर आठवड्याला दारू सोडलेल्या माणसांची सभा भरत होती. फी नव्हती, अर्ज नव्हता. वाट दोनशे पावलांची होती, पण ती दाखवायला वाटाड्या नव्हता. "कुठं न्यायचं?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने गेल्या दीडदोनशे वर्षांत कसकसे दिले, हे शोधण्याचा नाद आम्हांस तेव्हापासून लागला.

पहिले उत्तर होते भिंतीचे. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांच्या मुंबईत वेड्यांसाठी इस्पितळ असल्याच्या नोंदी सापडतात. १८५८ साली वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा झाला आणि उंच आवाराच्या संस्था उभ्या राहू लागल्या. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. आणि पुण्याजवळ येरवड्याचे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सध्याच्या जागी आले. त्याच्या खाटा पुढे अडीच हजारांवर गेल्या. १९१२ च्या कायद्याने प्रवेशाची रीत ठरवून दिली. घरच्या माणसाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा, दोन वैद्यकीय दाखले जोडावेत, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने रोग्यास आत न्यावे. रस्त्यावर फिरणाऱ्यास पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. म्हणजे मनाच्या आजाराची वाट कचेरीतून आणि पोलिस चौकीवरून जात होती. पुढे वेड्यांच्या इस्पितळाला मनोरुग्णालय हे सभ्य नाव मिळाले. परंतु १९१२ चा हा कायदा १९९३ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षांहून अधिक काळ, चालू राहिला. त्याच्या जागी यायचा १९८७ चा कायदा मंजूर होऊनही सहा वर्षे कागदावरच होता. "ठाण्याला पाठवला" किंवा "येरवड्याला पाठवला" हे शब्द आपल्या भाषेत शिवीसारखे का झाले, हे यावरून ध्यानात यावे. घरात कोणी आजारी पडले की तो आजार लपवण्याची आपल्या कुटुंबांची जी खोड आहे, ती निव्वळ अज्ञानातून आलेली नाही. भिंतीपलीकडे गेलेला माणूस परत येत नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या खोडीच्या मुळाशी आहे.

दुसरे उत्तर होते बंदीचे. दारूच्या बाबतीत आपल्या समाजधुरीणांनी फार लवकर आवाज उठवला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली, आणि १० जून १८९० रोजी कामगारांस रविवारची सुट्टी मिळवून दिली. फुले-लोखंड्यांच्या परंपरेत कामगाराची मजुरी आणि कामगाराचे घर हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. आम्ही मात्र पुढे ते वेगळे केले. पगारवाढ, बोनस, महागाईभत्ता यांच्यासाठी लढलो. तो पगार गुत्त्यावरून घरी पोहोचतो की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा मामला मानला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला. त्यामागील कळकळ खरी होती. परंतु दुकान बंद झाले म्हणून ज्याच्या शरीराला दारूची सवय जडली आहे त्याची तहान बंद होत नाही. हातभट्ट्या फोफावल्या. विषारी दारूचे बळी पडत राहिले. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे एका घटनेत मेली, आणि ती बहुतेक हातावर पोट असलेली होती. बंदीने एक गोष्ट मात्र हमखास साधली. पिणारा माणूस आजाऱ्याऐवजी गुन्हेगार ठरला. गुन्हेगाराला घरचे लोक लपवतात, दवाखान्यात नेत नाहीत.

तिसरे उत्तर आले ते सोबतीचे, आणि ते एका परदेशी गावातून आले. अमेरिकेच्या ओहायो प्रांतातील ॲक्रन गावी १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूपायी पार बुडालेले, एकमेकांस भेटले. दलालाच्या ध्यानात आले होते की, दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणाने बोललो की आपली स्वतःची ओढ कमी होते. शल्यविशारदाने शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ रोजी, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मंडळाचा स्थापनादिन मानला जातो. लोखंड्यांच्या रविवारचीही तारीख तीच, हा योगायोग आम्हां कामगारांना गोड वाटतो. १९५१ साली त्याच मंडळींच्या बायकांनी पुढाकार घेऊन अल-ॲनॉन ही नातेवाइकांची निराळी संघटना काढली, कारण नवरा पितो तेव्हा आजार एकट्या नवऱ्याला होत नाही. १९५७ साली हे काम मुंबईत सुरू झाले. आमच्या कचेरीमागच्या शाळेत भरणारी सभा ही त्याच झाडाची फांदी.

त्याच दशकात आपल्या देशात मनोरुग्णांच्या बाबतीत एक मोठे पाऊल पडले, त्याची आठवण महाराष्ट्रात फार थोड्यांना आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या घरच्यांना बोलावून घेतले आणि इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून त्यांना रोग्याबरोबर राहू दिले. आई, भाऊ, बायको तेथेच स्वयंपाक करीत, डॉक्टर काय सांगतात ते ऐकत, आजार समजून घेत. परिणाम असा झाला की रोगी लवकर घरी जाऊ लागले, आणि घरच्यांना त्यांची भीती वाटेनाशी झाली. दक्षिणेत वेल्लोर येथेही १९५७ पासून घरच्या माणसासह रोग्यास ठेवण्याची पद्धत सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत कुटुंबाला बाहेर ठेवण्याचा रिवाज असताना आपल्याकडच्या या डॉक्टरांनी कुटुंब हेच औषध मानले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

आता गिरणगावाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही; तो विझत गेला. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. चाळीत सकाळी भोंग्याच्या वेळी माणसे उठून बसायची आणि जायला कोठे नसल्यामुळे तशीच बसून राहायची. बाप गावी शेतावर गेलेला, आई खाणावळीचे डबे करणारी, आणि थोरला भाऊ नाक्यावर. याच दशकात मुंबईच्या नाक्यांवर गर्द आले. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉइन, ब्राऊन शुगर. चांदीच्या कागदावर ती पूड ठेवायची, खाली काडी धरायची आणि धूर ओढायचा. आरंभी पुडी स्वस्त, प्रसंगी फुकटही. महिन्या-दोन महिन्यांत शरीर तिचे गुलाम होते, आणि पुडी मिळाली नाही की हाडे मोडल्यासारखी दुखतात, जुलाब होतात, झोप उडते. पोरे त्याला 'टर्की' म्हणत. त्या यातनेपायी घरातले पितळेचे हंडे, आईच्या पाटल्या, दाराची कडीसुद्धा विकली गेलेली आम्ही पाहिली आहे. आमच्या मजल्यावरची दोन मुले त्यात गेली. त्यांच्या आयांनी नवस केले, अंगारे लावले, एकीने मुलाला खाटेला बांधून ठेवले. त्या माउल्यांना आम्ही दोष देणार नाही. त्यांना दुसरी वाट कोणी सांगितली नव्हती.

सरकारने १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा केला. दुसरीकडे काही माणसांनी दारे उघडली. १९८१ साली वांद्र्यात फादर ज्यो परेरा यांनी चर्चच्या आवारात 'कृपा' हे काम सुरू केले. ते स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी वृत्तपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे मोठी देणगी देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा, ज्यांना सर्व जण अनिता म्हणत, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारातील एका इमारतीत 'मुक्तांगण' सुरू झाले.

या घटनेचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्या आवाराच्या नावाने महाराष्ट्र कित्येक दशके दचकत होता, त्याच आवारात एक उघडे घर उभे राहिले. तेथे आलेल्या माणसाला मित्र म्हणू लागले. व्यसनातून बाहेर आलेले लोकच तेथे कार्यकर्ते झाले. बायकांचे गट झाले, पालकांच्या सभा झाल्या, आणि माणूस घरी गेल्यावरही त्याच्या गावी पाठपुराव्याच्या बैठका भरू लागल्या. ॲक्रनमधील सोबत आणि अमृतसरमधील कुटुंब, हे दोन्ही धागे येथे एकत्र विणले गेले. डॉ. अनिता १९९७ साली निवर्तल्या. काम थांबले नाही. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्यासाठी संस्था काढली आणि तरुण मुलांशी जाहीर संवादाचा 'वेध' हा उपक्रम चालवला. १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी संघटना उभी राहिली; तिच्या मागे असलेले डॉ. जगन्नाथ वाणी हे स्वतः अशा रोग्याचे पती. त्यांच्या पुढाकाराने २००४ साली 'देवराई' हा चित्रपट निघाला, आणि या आजाराचे नाव प्रथमच अनेक मराठी घरांत मोठ्याने उच्चारले गेले.

सरकारही अगदी स्वस्थ बसले नव्हते. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला, १९९६ पासून तो जिल्ह्यांपर्यंत नेण्याचे काम सुरू झाले. पण गती मंद. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका आसऱ्याला पहाटे आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. देश हादरला. २०१७ साली नवा कायदा झाला. या कायद्याने रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई केली, सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास शिक्षेऐवजी मदत मिळावी असे म्हटले. अमली पदार्थांच्या कायद्यातही एक कलम आहे, जे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. केवळ सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पुरे केले, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. पोलिसांच्या भीतीने मुलाला घरात कोंडणाऱ्या बापाला हे कोणी तरी सांगितले पाहिजे.

एवढे सारे झाले, तर मग प्रश्न सुटला का? २०१९ साली केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की, दारूवर पूर्णपणे अवलंबून झालेल्या दर ३८ माणसांमागे केवळ एकालाच काही उपचार वा मदत मिळाली आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दर शंभर प्रौढांत सुमारे दहा जणांस त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि तेरा ते सतरा वयाच्या मुलांत हे प्रमाण शेकडा सातच्या आसपास निघाले. उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक विकारांत शेकडा सत्तरच्या वर होते. डॉक्टर कमी आहेत, खाटा कमी आहेत, हे तर खरेच; त्यासाठी सरकारशी भांडलेच पाहिजे. परंतु ३८ पैकी ३७ माणसे काही खाट नाही म्हणून परतलेली नाहीत. त्यांतील कित्येक दारापर्यंत आलेलीच नाहीत.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य एवढेच आहे. भिंत बांधून आजार बरा झाला नाही, बंदी घालून सुटला नाही. जेथे जेथे पाऊल पुढे पडले, तेथे तेथे आजारी माणसाबरोबर कोणी तरी चालत गेलेले दिसते. एक दारुडा दुसऱ्याबरोबर, एक आई मुलाबरोबर तंबूत, एक बरा झालेला मित्र नव्या मित्राबरोबर. हे काम पदवीचे नाही. ते शेजाऱ्याचे, शिक्षकाचे, मुकादमाचे, युनियनवाल्याचे आहे.

त्या फिटरच्या मरणानंतर आम्ही युनियनमध्ये एक रीत पाडली. हजेरीपट हाती आला की सोमवारचे आणि पगाराच्या दुसऱ्या दिवसाचे रकाने आधी पाहतो. एकाच नावापुढे तेथे वारंवार फुली दिसली, तर आरोपपत्र येण्यापूर्वी आमच्यापैकी दोघे त्या घरी जातात. त्यांतील एक नेहमी दारू सोडलेला असतो. घरच्यांना तो पहिली गोष्ट सांगतो की, हा आजार आहे आणि यातून माणसे बाहेर येतात, मीच आलो आहे. दुसरी गोष्ट, अनेक वर्षांची रोजची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडवा. तिसरी, जाहिरातीतले चूर्ण गुपचूप जेवणात कालवू नका. चौथी, त्याने येण्यास नकार दिला तरी तुम्ही स्वतः जा. घरच्यांसाठीही मदत आहे, आणि घर बदलू लागले की पुष्कळदा माणूस मागून येतो. त्यानंतर तो कागदावर नंबर लिहून देतो. मनाच्या कोणत्याही त्रासासाठी १४४१६, ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तीवर मराठीतून बोलता येते. व्यसनासाठी १४४४६. आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचा वार व वेळ. कागद देऊन तो उठत नाही. "कधी जायचं? मी बरोबर येतो," असे विचारून, दिवस ठरवून मगच उठतो.

तरुण मुलांच्या बाबतीत हजेरीपट घरात आणि शाळेतच असतो. मुलगा मित्रांतून उठून एकटा बसू लागला, झोप उलटीपालटी झाली, घरातले पैसे हलू लागले, मुलगी जेवेनाशी झाली, "मी नसलो तर बरं" असे कोणी सहज बोलून गेले, तर ते नाटक किंवा वयाचा दोष समजून सोडून देऊ नये. शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे, आणि त्याच आठवड्यात बरोबर घेऊन जावे. मरणाविषयी विचारल्याने मरणाची कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज आहे. विचारल्याने बहुधा ओझे हलके होते.

युनियनच्या या रीतीने सगळे वाचले असे आम्ही म्हणणार नाही. काही पुन्हा प्याले, काही दोनदा-तीनदा पडून मग सावरले, दोघांना आम्ही स्मशानात पोहोचवले. पण जे सावरले त्यांच्या घरी आता दिवाळीला आम्हांला फराळाचे बोलावणे असते. त्या फिटरची पत्नी पुढे कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये कामाला लागली. काही वर्षांनी आम्ही धीर करून तिला कचेरीमागच्या शाळेतील सभेविषयी सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाऊ, आता माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी काय सांगू, ते लिहून द्या." आम्ही लिहून दिले. तो कागद कॅन्टीनच्या भिंतीवर, चहाच्या दरपत्रकाशेजारी, तिने चिकटवला. तेथून किती बायका तो नंबर उतरवून घेऊन गेल्या, याची नोंद कोणी ठेवलेली नाही.